शत्रूच्या मुलांचा कैवार

अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्या महायुद्धानंतरच्या नुकसानभरपाईचा प्रश्न शिकवावयाचा म्हटला की केन्सचे नाव अपरिहार्यपणे येते. व्हर्सायच्या तहाच्या अटींना विटून १९१९ च्या जूनमध्ये ब्रिटिश अर्थखात्यातील जागेचा राजीनामा देणारा आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या तहाच्या आर्थिक परिणामांवर जळजळीत पुस्तक लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांच्या चांगला लक्षात राहतो. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्नही येतो. परंतु त्याच वर्षी, जवळजवळ त्याच प्रश्नावर, केन्सच्या आईच्या हाताखाली समाजकार्याचे पहिले धडे गिरविलेल्या एका बाईंना लंडनच्या न्यायालयात पाच पौंड दंड झाला होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. त्या बाईंचे नाव एग्लंटाइन जेब. पराभूत शत्रूच्या मुलांना जगविणे हे विजेत्यांचे कर्तव्य आहे, असे त्या युद्धाच्या जखमा ओल्या असताना भर चौकात सांगत होत्या.

जेबबाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, एल्समीरजवळच्या ‘द लिथ’ या घराण्याच्या इस्टेटीवर झाला. वडील बॅरिस्टर आणि जमीनदार; आई ग्रामीण कारागिरीच्या पुनरुज्जीवनासाठी संस्था काढणाऱ्या. ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये त्यांनी इतिहासाचा अभ्यास केला. मुलींनी विद्यापीठाची पायरी चढावी हे त्या काळी सर्वमान्य नव्हते. पण त्याहूनही अमान्य असे पाऊल त्यांनी पुढे टाकले. स्टॉकवेल महाविद्यालयात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी मार्लबरो येथील प्राथमिक शाळेत नोकरी धरली. सुखवस्तू घरातील सुशिक्षित स्त्रीने मजुरांच्या मुलांना बाराखडी शिकवावी, हे तिच्या वर्गातील लोकांना चमत्कारिकच वाटले असेल. तो प्रयोग फार काळ टिकला नाही. प्रकृती साथ देईना. आणि मुलांच्या सहवासात आपले मन रमत नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केले.

बालकांच्या हितासाठी जगप्रसिद्ध झालेल्या व्यक्तीच्या चरित्रातील हा तपशील काहीसा अडचणीचा. पुष्कळदा तो गंमत म्हणून सांगून सोडून दिला जातो. मला मात्र तोच कळीचा वाटतो. ज्याला मुलांचा लळा आहे त्याची माया बहुधा आपल्या घरच्या, फार तर आपल्या गल्लीतल्या मुलांपर्यंत पोहोचते. जेबबाईंचा प्रश्न मायेचा नव्हताच. व्हिएन्नातले मूल त्यांना जितके अनोळखी, तितकेच लंडनमधलेही. आणि म्हणूनच की काय, दोघांत फरक करण्याचे कारण त्यांना कधी सापडले नाही.

शाळा सुटल्यावर आजारी आईच्या सोबतीसाठी त्या केंब्रिजला आल्या. तेथे फ्लॉरेन्स केन्स ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ या संस्थेचे काम पाहत होत्या. या संस्थेची शिस्त मोठी करडी. दान द्यावयाचे ते चौकशी करून, नोंद ठेवून, घेणारा आपल्या पायांवर उभा राहील अशा बेताने. दारात आलेल्याच्या ओंजळीत नाणे टाकणे म्हणजे समाजाची हानी, असा तिचा दंडक होता. त्या दंडकात एक प्रकारचा कोरडेपणा होता, गरिबाकडे संशयाने पाहण्याची खोडही होती, आणि त्याबद्दल त्या काळीही तिच्यावर टीका झाली. पण जेबबाईंनी त्यातून जे घ्यावयाचे ते घेतले. केंब्रिज शहरातील दारिद्र्य, घरे, दारूबाजी, मुलांची मजुरी, यांचा अभ्यास करून त्यांनी १९०६ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. शाळा सोडून निरर्थक हरकामांत अडकणाऱ्या मुलांना हुन्नराची नोकरी मिळावी म्हणून त्यांनी एक नोंदणी कार्यालय काढले. त्याचा भार पुढे केन्सची बहीण आणि त्यांची जिवलग मैत्रीण मार्गारेट हिने उचलला. करुणेला हिशेबाची जोड द्यावयाची, ही सवय त्यांना इथे लागली.

युद्ध म्हणजे काय हे त्यांनी प्रथम पाहिले ते १९१३ साली. बाल्कन युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मॅसेडोनियात मदत वाटण्यासाठी त्या गेल्या. जळालेली गावे, एका सैन्याने हाकलून दिलेली आणि दुसऱ्या सैन्याने अडवलेली कुटुंबे, आणि मदतीच्या गाड्यांपुढे लागलेल्या रांगा हे दृश्य त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. परत आल्यावर काही काळ त्या शेतकऱ्यांच्या सहकारी चळवळीत होत्या. त्या चळवळीच्या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. इतक्यात १९१४ चे महायुद्ध पेटले.

युद्धकाळात त्यांची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन हिने एक विलक्षण उद्योग आरंभला होता. सरकारी परवाना काढून ती शत्रुराष्ट्रांतील व तटस्थ देशांतील वृत्तपत्रे मागवी आणि त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर ‘केंब्रिज मॅगझिन’मध्ये छापी. जर्मन माणूसही युद्धाला कंटाळला आहे, ऑस्ट्रियातही आई दुधासाठी पहाटेपासून रांगेत उभी असते, हे ब्रिटिश वाचकाला इतरत्र कोठेही वाचावयास मिळत नव्हते. जेबबाई या भाषांतराच्या कामात ओढल्या गेल्या. ज्या बातम्या इतरांपासून लपल्या होत्या त्या त्यांच्या टेबलावर रोज येऊन पडत.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या, पण नाकेबंदी थांबली नाही. येथे जरा थांबून या नाकेबंदीचा अर्थव्यवहार पाहणे जरूर आहे. कारण मुले कशाने मरत होती हे त्याशिवाय उमगत नाही. तहावर सही होईपर्यंत शत्रूला वाकविण्याचे साधन हाती राहावे म्हणून दोस्त राष्ट्रांनी समुद्रावरील कोंडी चालू ठेवली. १९१९ च्या आरंभी जर्मनीला अन्न विकण्याची तयारी झाली, तर त्याची किंमत कशातून घ्यावयाची यावर वाद जुंपला. जर्मनीजवळ सोने होते. पण त्या सोन्यावर फ्रान्सची नुकसानभरपाईसाठी नजर होती. ते सोने भाकरीत खर्ची पडावे हे त्याला मान्य नव्हते. या वाटाघाटींत केन्स स्वतः होता. मार्चमध्ये ब्रुसेल्स येथे तडजोड झाली आणि व्यापारी जहाजे व सोने यांच्या बदल्यात धान्य सुटले. संपूर्ण कोंडी उठावयास जुलै उजाडला. आठ महिने गेले. मोठ्या माणसाला आठ महिने अर्धपोटी काढता येतात, तान्ह्या मुलाला येत नाहीत.

ऑस्ट्रियाची गत याहून वाईट होती. हंगेरीचे धान्य आणि बोहेमियाचा कोळसा यांवर पोसलेले व्हिएन्ना शहर साम्राज्य मोडताच एका लहानशा, जेमतेम पासष्ट लाख वस्तीच्या देशाची राजधानी होऊन बसले. ज्या रेल्वेमार्गांनी काल धान्य येत होते त्यांवर आज नव्या राष्ट्रांच्या जकातनाक्यांचे अडसर पडले. कोळसा नाही म्हणून दिवे नाहीत, कारखाने नाहीत, आणि इस्पितळांत ऊब नाही. मुडदुसाने हातपाय वाकडे झालेली मुले इतकी होती की त्या रोगाचा अभ्यास करण्यासाठी पुढे ब्रिटनमधून शास्त्रज्ञ व्हिएन्नाला जाऊन राहिले.

१९१९ च्या जानेवारीत दोघी बहिणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फाइट द फॅमिन कौन्सिल’ ही परिषद स्थापन केली. उद्देश राजकीय होता : नाकेबंदी उठवा. एप्रिलमध्ये जेबबाईंनी ट्रफाल्गर चौकात पत्रके वाटली. पत्रकावर एका ऑस्ट्रियन मुलाचे छायाचित्र होते. वय अडीच वर्षे, डोके मोठे, हातपाय काड्यांसारखे. ही आपल्या नाकेबंदीची करणी आहे, असा त्याचा आशय होता. ते सेन्सॉरकडून संमत करून घेतलेले नव्हते. देशसंरक्षणाच्या युद्धकालीन कायद्याखाली त्यांना व बार्बरा एर्टन गूल्ड यांना पकडण्यात आले. मे महिन्यात मॅन्शन हाउसमध्ये खटला चालला. जेबबाईंनी स्वतःच आपली बाजू मांडली. कायद्याच्या दृष्टीने त्यात बचावाला जागा नव्हती हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी बोलणे केले ते पत्रकातील मजकुराच्या खरेपणावर आणि त्यातील नैतिक प्रश्नावर, जेणेकरून वार्ताहरांच्या वह्यांत तरी तो उतरावा. दंड झाला पाच पौंड. आणि सरकार पक्षाचे वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी कामकाज संपल्यावर आपल्या खिशातून पाच पौंड काढून त्यांच्या हाती दिले. मुलांच्या निधीतील पहिली देणगी म्हणून तीच रक्कम सांगितली जाते.

त्याच महिन्यात, १९ मे १९१९ रोजी, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये जाहीर सभा भरली. प्रचंड सभागृह भरले होते, पण सगळेच श्रोते सहानुभूतीने आले नव्हते. देशद्रोही बायकांवर फेकण्यासाठी काहींनी नासकी फळे आणली होती. ज्या घरातला मुलगा फ्रान्सच्या चिखलात पुरला गेला त्या घरातील माणसाला जर्मन मुलाच्या दुधासाठी पैसे मागणे ही थट्टा वाटली तर त्याला दोष देता येणार नाही. जेबबाई बोलावयास उठल्या तेव्हा आवाज दबलेला होता. बोलता बोलता तो चढला. फळे फेकली गेली नाहीत. त्या सभेतून ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ जन्माला आला. खाणकामगारांचे पुढारी रॉबर्ट स्मायली यांच्यासारखी माणसे पाठीशी उभी राहिली.

येथे दोघी बहिणींची वाट थोडी वेगळी झाली, आणि माझ्या मते या चरित्रातील खरा पेच येथेच आहे. डोरोथीचा ओढा राजकारणाकडे होता. नाकेबंदी, तह, नुकसानभरपाई ही मूळ दुखणी. त्यांवर घाव न घालता दूध वाटणे म्हणजे जखमेवर फुंकर, असा तो विचार. तो चुकीचा होता असे कोण म्हणेल? पुढच्या वीस वर्षांच्या युरोपच्या इतिहासाने त्याची सत्यता भयंकर रीतीने पटवून दिली. एग्लंटाइन यांनी मात्र राजकारण बाजूला ठेवले. निधीच्या व्यासपीठावरून तहाबद्दल बोलावयाचे नाही, कोणत्याही पक्षाचे व्हावयाचे नाही. मूल उपाशी आहे एवढे पुरे. ही माघार होती असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. तहाची दुरुस्ती व्हावयास वर्षे लागणार होती, आणि ज्यांच्यासाठी ती व्हावयाची त्यांना आठवडेही मिळणार नव्हते. तथापि दानाला राजकारणाची झळ लागू नये म्हणून काही सत्ये न बोलण्याची किंमत मोजावी लागते, हेही खरे. आणि ती किंमत जेबबाईंच्या निधीने मोजली.

पैसा उभारण्याच्या कामी त्यांनी कोणाचीही भीड ठेवली नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपांकडून हवा तसा प्रतिसाद मिळेना, तेव्हा प्रॉटेस्टंट घराण्यातील या बाईंनी रोमकडे धाव घेतली. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी नोव्हेंबर १९१९ मध्ये परिपत्रक काढून, हेरोद राजाने मारविलेल्या निष्पाप बालकांच्या स्मृतिदिनी, म्हणजे २८ डिसेंबरला, जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये मध्य युरोपातील मुलांसाठी वर्गणी गोळा करावयास सांगितले. पुढील वर्षीच्या परिपत्रकात तर या निधीचा नावानिशी गौरव केला. जानेवारी १९२० मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. निधीचे बोधचिन्हही इटलीतूनच आले : फ्लॉरेन्समधील अनाथालयाच्या भिंतीवरचे, देल्ला रोब्बियाने घडविलेले, दुपट्यात गुंडाळलेले बाळ.

वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती देण्याचा निर्णय हा त्यांच्या सहकाऱ्यांना सर्वांत अधिक खटकलेला निर्णय. भुकेल्यांसाठी जमविलेला पैसा छपाईवर उधळावयाचा! पण एक पौंड खर्चून अनेक पौंड येत असतील तर तो खर्च न करणे ही काटकसर नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. यात एक बोचरी बाजू आहे. हाडांचा सापळा झालेल्या मुलाचे चित्र दाखवून पैसा मागण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिची सुरुवात करणाऱ्यांत जेबबाई होत्या. त्या मुलाला स्वतःचे चित्र असे दाखविले जावे की नाही हे कोणी विचारले नाही. हा आक्षेप मी मनातून काढून टाकू शकलेलो नाही. त्या जाहिरातींनी जगलेल्या मुलांचीही गणती करावी लागते, इतकेच.

१९२१ साली व्होल्गेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला. यादवी युद्ध, धान्याची सक्तीची वसुली आणि अवर्षण यांनी मिळून सुमारे पन्नास लाख माणसे गिळली असा अंदाज आहे. आता प्रश्न जर्मन मुलांचा नव्हता, बोल्शेविक देशातील मुलांचा होता. आणि ब्रिटनमधील वृत्तपत्रांच्या एका गटाने त्यावर गहजब केला. सप्टेंबरमध्ये ‘टॉर्सेलो’ नावाचे जहाज सहाशे टन सामग्री घेऊन लंडनहून निघाले. साराटोव्ह प्रांतात स्वयंपाकघरे उघडण्यात आली आणि भरास आलेल्या काळात तेथे सुमारे तीन लाख मुलांना रोज जेवण मिळू लागले. अमेरिकेच्या हूवर यांची मदतसंस्था त्याच दुष्काळात एक कोटीहून अधिक लोकांना पोसत होती, तेव्हा हा आकडा लहान वाटेल. पण मागे कोणतेही सरकार नसताना, शिलिंग-शिलिंग जमवून चालविलेले हे काम होते, आणि एका मुलाचा आठवड्याचा खर्च एक शिलिंग असा त्याचा हिशेब जनतेपुढे मांडला जात होता. अन्न घरी न्यावयाचे नाही, मुलाने समोर बसून खावयाचे. प्रत्येकाचे कार्ड, प्रत्येक पोत्याची नोंद. ज्या शिक्षकांनी शालेय पोषण आहाराच्या नोंदवह्या भरल्या आहेत त्यांना यातील कटकट वेगळी सांगावयास नको. या नोंदींखेरीज, दुष्काळाच्या प्रदेशात काढलेला चित्रपट निधीने १९२२ साली ब्रिटनभर दाखविला. मदत पोहोचतच नाही, सारे रशियन अधिकारी खातात, या आरोपाला ते उत्तर होते.

दुष्काळ संपला की निधी आटतो आणि पुढच्या आपत्तीला पुन्हा पहिल्यापासून भीक मागावी लागते, हे चक्र जेबबाईंना असह्य झाले असावे. जिनिव्हाजवळच्या सालेव्ह डोंगरावर एका रविवारी चढून जाऊन त्यांनी बालकांच्या हक्कांचा मसुदा लिहिला असे सांगतात. मसुदा अवघ्या पाच कलमांचा. मुलाला शरीराने व मनाने वाढण्याची साधने मिळाली पाहिजेत. भुकेले, आजारी, मागे पडलेले, वाट चुकलेले आणि अनाथ अशा प्रत्येकाची त्याच्या गरजेप्रमाणे सोय झाली पाहिजे. संकटात मदत आधी मुलाला. त्याला पोट भरण्यालायक करावयाचे व पिळवणुकीपासून वाचवावयाचे. आणि आपले गुण इतरांच्या उपयोगी पडावेत या जाणिवेने त्याला वाढवावयाचे. वंश, राष्ट्र, धर्म यांचा भेद नाही. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने हा ‘जिनिव्हा जाहीरनामा’ स्वीकारला. पाच वर्षांपूर्वी ज्या विचारासाठी दंड झाला होता, तो राष्ट्रांच्या सभेने मान्य केला.

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहता या जाहीरनाम्यात एक उणीव चटकन दिसते. मुलाचे देणे मानवजातीने फेडावयाचे, असे तो सांगतो. कोणत्याही सरकारचे नाव त्यात नाही. धनको ठरला, पण ऋणको कोण ते सांगितले नाही, अशी ती हुंडी होती. आणि अशी हुंडी वटत नाही. १९३९ नंतर युरोपातील मुलांचे जे झाले ते सर्वज्ञात आहे. १९५९ साली संयुक्त राष्ट्रांनी कलमांची संख्या दहावर नेली, तरी बंधन आले नाही. ते आले १९८९ च्या करारनाम्याने. भारत त्यात ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला, पण बालमजुरीच्या कलमाबाबत, ते टप्प्याटप्प्याने व साधनांच्या मर्यादेत अमलात आणू, अशी पुस्ती जोडून. पुस्तीमागे कारणे होती आणि ती खोटी नव्हती. तथापि आधी साधने, मग मूल, हा क्रम जेबबाईंच्या तिसऱ्या कलमाच्या नेमका उलटा आहे, हे नोंदविणे भाग आहे.

शत्रूच्या मुलांना द्यावयाचे तर आपल्यांना काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. आजही कोणत्याही युद्धग्रस्त प्रदेशासाठी वर्गणी मागावयास निघालेल्याला तो पहिल्याच दारात ऐकावा लागतो. ज्यांनी तो विचारला त्यांतील किती जणांनी आपल्या मुलांसाठी खिशात हात घातला, याची मोजदाद कोणी केली नाही. जेबबाईंच्या निधीने मात्र पुढे १९३० नंतरच्या मंदीत ब्रिटनच्याच बेकारीग्रस्त भागांत बालवाड्या चालविल्या.

त्या पाहावयास जेबबाई राहिल्या नाहीत. केस अकाली पांढरे झालेले, गलगंडाच्या विकाराने वारंवार शस्त्रक्रिया, तरीही जिनिव्हाच्या कचेरीतील काम सुटले नाही. १७ डिसेंबर १९२८ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला. तेथील सेंट जॉर्ज स्मशानभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. जाहीरनाम्याला शंभर वर्षे झाली त्या २०२४ साली त्यांचे अवशेष जिनिव्हाच्या मान्यवरांसाठी राखलेल्या स्मशानभूमीत हलविण्यात आले. अखेरच्या वर्षांत निधीने बल्गेरियात निर्वासितांसाठी एक गाव वसविले होते. निधीचे अध्यक्ष ड्यूक ऑफ अ‍ॅथॉल यांच्या नावावरून त्याला अतोलोवो म्हणतात. ते गाव अजून त्याच नावाने आहे.